फळा, यंत्र आणि शिक्षक
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली. त्यासाठी आम्ही एक लहानसाच विषय निवडला आहे. वर्गात संगणक, मोबाइल, पडदा ही साधने आली म्हणजे शिक्षकाने काय शिकावयाचे, आणि त्याच्या या शिकण्याशी आपला संबंध काय, हा तो विषय. तो निवडण्यास कारण आहे. येथे ब्रिटनमध्ये स्थिरावलेली आपली पुष्कळ कुटुंबे आपल्या गावच्या शाळेला काही ना काही पाठवितात. पूर्वी वह्या, गणवेश आणि कपाटे दिली जात. आता संगणक, टॅबलेट आणि प्रोजेक्टर दिले जातात. ही तळमळ थोर आहे. परंतु पाठविलेली वस्तू मुलांच्या हाती लागते की मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलूपबंद राहते, हे पाहणे हेही दात्याचे कर्तव्य आहे.

साधन आणि अधिकार यांचे नाते आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलाविले. त्याबरोबर वर्गातील मुले आपले डबे उचलण्यास धावली. डबे फळ्यामागे ठेवलेले असत आणि ते विटाळतील, अशी त्यांना भीती होती. फळा होता, खडू होता, बोलावणारे शिक्षकही होते; तरीही फळ्याला हात लावणे ही वर्गात खळबळ माजविणारी घटना ठरली. अस्पृश्यतेचे पालन आज कायद्याने गुन्हा आहे. परंतु वर्गातील नव्या साधनाला कोणाचा हात लागतो, हा प्रश्न जुना झालेला नाही. तीस मुलांत एक संगणक असला, तर पुढच्या बाकावरचा धीट मुलगा कळ दाबतो आणि मागच्या बाकावरची मुलगी पाहत राहते. हे चित्र यंत्र बदलू शकत नाही. पाळी लावून देणारा, मागच्या मुलीचे नाव घेऊन तिला पुढे बोलावणारा शिक्षकच ते बदलू शकतो.

आपण ज्या देशात राहतो, त्या देशाचा अनुभव प्रथम पाहू. १९८१ साली येथे ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक निघाला. शाळांनी तो घ्यावा म्हणून सरकारने किमतीचा निम्मा भार उचलला आणि लोकांना शिकविण्यासाठी दूरदर्शनवर स्वतंत्र मालिका सुरू झाली. पुढे सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या अभ्यासक्रमात संगणकशास्त्राला नवे स्थान मिळाले आणि पाच वर्षांची बालके आज्ञावलीचे पहिले धडे गिरवू लागली. तेव्हा ध्यानात आले की, शिकविणाऱ्या पुष्कळ शिक्षकांना हा विषय स्वतः कधी शिकावयास मिळालेला नव्हता. म्हणून २०१७ साली सरकारने सुमारे ८,००० शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ८ कोटी ४० लक्ष पौंडांची तरतूद जाहीर केली. संपन्न देशालादेखील यंत्रानंतर शिक्षकाकडे वळावे लागले, हा त्यातील बोध होय.

याच बीबीसी मायक्रोचा आपल्या मायदेशाशीही संबंध आहे. १९८४ साली भारत सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि आरंभी २५० शाळांत हेच संगणक पोहोचविले. पाऊल काळाच्या पुढचे होते. परंतु यंत्रे थोडी, त्यांची भाषा इंग्रजी आणि खेड्यातील शाळेत अखंड वीजही दुर्लभ. ज्या मुलांना आधीच इंग्रजी येत होती, त्यांनाच त्यातून अधिक लाभ व्हावा, हे ओघानेच आले.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने २००८ पासून ८ लाखांहून अधिक लहान संगणक शाळांना पुरविले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, यंत्रे मुलांपर्यंत पोहोचली, त्यांचा वापरही वाढला. मात्र गणित व भाषा या विषयांतील गुणांत फरक दिसला नाही. उलटपक्षी केरळने २००१ पासून शाळांसाठी संगणक-शिक्षणाची योजना राबविताना शिक्षकांमधूनच प्रशिक्षक निवडले, मुक्त संगणक-प्रणाली मल्याळम भाषेसह वापरली आणि पुढे ४५,००० वर्ग सुसज्ज केले. बाहेरचा तज्ज्ञ दोन दिवस येऊन जातो. शेजारच्या शाळेतील सहकारी मात्र अडचण आली की हाकेच्या अंतरावर असतो.

आता महाराष्ट्रातील उदाहरण. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. तेथील अनेक मुलींची घरची भाषा कन्नड आणि पाठ्यपुस्तके मात्र दुसऱ्या भाषेत. गुरुजींनी आधी कन्नड शिकून घेतली. नंतर पुस्तकांतील पाठांना क्यूआर कोड जोडले, जेणेकरून मोबाइल धरताच कविता ऐकू यावी, पाठ पाहता यावा. २०१७ साली राज्य शासनाने ही कल्पना पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली. ३ डिसेंबर २०२० रोजी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधून दूरदृश्य पद्धतीने झालेल्या समारंभात १० लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना जाहीर झाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटून दिली. या कथेतील क्रम आम्हांस मोलाचा वाटतो. प्रथम मुलाची भाषा, नंतर यंत्र.

क्यूआर कोड म्हणजे तरी काय? १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो निर्माण झाला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील चौकोन मोबाइलला दिशा दाखवितात आणि मधल्या ठिपक्यांत बहुधा केवळ एक पत्ता असतो. कविता त्या कागदात नसते. ती दूरच्या संगणकावर असते. म्हणजे इंटरनेट नसेल तर कोड मुका होतो. हे ज्या शिक्षिकेला ठाऊक आहे, ती तालुक्याच्या गावी असतानाच पाठ मोबाइलमध्ये उतरवून ठेवते. जिला हे कोणी सांगितलेले नाही, ती वर्गासमोर खजील होते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. यंत्राविषयीची भीती बहुधा अशीच निर्माण होते.

म्हणून शिक्षकाचे शिकणे लहान पायऱ्यांनी व्हावे. पहिली पायरी मराठी टंकलेखनाची. पूर्वी एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत, कारण प्रत्येक टंकाची मांडणी निराळी होती. युनिकोडमुळे ती अडचण दूर झाली. इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर व मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. नित्य अर्धा तास सराव केल्यास हात बसतो. दुसरी पायरी आवाजाची. शिक्षिकेने स्वतः वाचलेला धडा मोबाइलवर मुद्रित केला, तर तो आजारी मुलाला घरी ऐकता येतो आणि त्यास खर्च काहीच नाही. तिसरी पायरी नोंदीची. कोणत्या मुलाचे कोणते उदाहरण चुकते, हे संगणकाच्या तक्त्यात मांडले की, हातच्याची वजाबाकी अर्ध्या वर्गाला समजलेली नाही, हे एका दृष्टिक्षेपात दिसते. चित्रफिती आणि रंगीत खेळ यांचे स्थान त्यानंतरचे. महाराष्ट्रात शिक्षकांसाठी संगणक-परीक्षा आवश्यक केली गेली; परंतु प्रमाणपत्र मिळणे आणि वर्गात आत्मविश्वासाने उभे राहणे यांत अंतर आहे. ते अंतर रोजच्या सरावाने आणि सहकाऱ्याच्या सोबतीने तुटते.

मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या, तेव्हा हे सारे प्रश्न एकदम उघडे पडले. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते २०२१ साली ६७.६ टक्के झाले. तथापि ज्या घरी फोन होता, त्या घरांतीलही सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो अभ्यासासाठी मिळत नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जाई. घरातील वस्तू आणि मुलाचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत.

बंधू-भगिनींनो, सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकविण्यास आरंभ केला, त्याआधी त्या स्वतः शिकल्या होत्या. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पुरेसे वेतन मिळावे, असा आग्रह धरला. शिक्षकाला शिकविल्यावाचून शाळा उभी राहत नाही, हा विचार आपल्याला त्यांच्याकडूनच वारशाने मिळाला आहे.

या विचाराने मंडळापुढे आम्ही चार सूचना ठेवतो. पहिली, कोणत्याही शाळेला यंत्र देण्यापूर्वी तेथील शिक्षकांना विचारावे की, त्यांना कशाची गरज आहे. कदाचित ते संगणकाऐवजी विजेच्या बिलाची किंवा दुरुस्तीची व्यवस्था मागतील. दुसरी, देणगीतील ठरावीक भाग शिक्षकांच्या सरावासाठी व परस्परांच्या शाळांना भेटी देण्यासाठी राखावा. तिसरी, यंत्राबरोबर एक वही द्यावी आणि कोणत्या मुलाने ते कोणत्या दिवशी हाताळले, याची नोंद तीत असावी. त्या वहीत मुलींची आणि वस्तीतील मुलांची नावे किती, हे आपण वर्षाअखेरीस विचारावे. चौथी, येथे संगणक-व्यवसायात असलेल्या आपल्या तरुणांनी महिन्यातून एक तास एखाद्या शिक्षकासाठी द्यावा. मात्र तेथे गुरू म्हणून जाऊ नये. चाळीस मुलांना सांभाळण्याची जी विद्या त्या शिक्षकापाशी आहे, ती आपल्यापाशी नाही.

हीच कसोटी येथील आपल्या रविवारच्या मराठी वर्गालाही लागू आहे. आपली मुले यंत्रे सहज हाताळतात. त्यांना शिकविणाऱ्या आपल्या भगिनी मात्र वयाच्या पन्नाशीत मराठी टंकलेखन शिकत आहेत. मुलांनो, बाई अडखळल्या तर हसू नका. शेजारी बसा आणि कळ दाखवा. शिकणारा शिक्षक पाहणे हेही एक शिक्षण आहे.

फळ्यापर्यंत पोहोचण्यासाठी आपल्या पूर्वजांच्या पिढ्या खर्ची पडल्या. आता फळ्याच्या जागी पडदा आला असेल, तर त्याच्यासमोर उभे राहणाऱ्या शेवटच्या मुलापर्यंत तो पोहोचविण्याचे काम आपल्या वाट्याला आले आहे. ते आपण मनोभावे करू, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम!