संगणकाची स्मृति आणि विजोड पट्ट्या

लातूर जिल्ह्यांतील मुरुड हें बाजारपेठेचें मोठें गांव. अशा गांवीं दुकानाचा हिशेब, मुलांचा अभ्यास आणि सरकारी दाखल्यांचे अर्ज हीं तिन्ही कामें पुष्कळदां घरच्या एकाच संगणकावर चालतात. तो मंदावला म्हणजे नवा घ्यावा कीं जुनाच सुधारावा, असा प्रश्न घरांत उभा राहतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढल्यापासून तर जुनी पट्टी टाकून देण्यापूर्वीं दोनदां विचार करणें अगत्याचें झालें आहे.

रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृति. कोठाराशीं तुलना करावयाची ती डिस्कची. रॅम ही दुकानदाराच्या गादीपुढील जागा होय. ती अपुरी पडली म्हणजे यंत्राला वरचेवर कोठारांत जावें लागतें आणि काम रेंगाळतें. म्हणून प्रथम टास्क मॅनेजर उघडून, नेहमींचें काम चालू असतां स्मृति भरत आली आहे काय, हें पाहावें. ती निम्मी रिकामी असेल, तर दोष अन्यत्र आहे. रॅमवर खर्च करून उपयोग नाहीं.

स्मृति खरोखरच अपुरी असेल, तर आधीं जात पाहावी, मग आकार. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग १९११ मध्यें लातूरपर्यंत आला होता. पुढें त्याच्या जागीं रुंद मार्ग झाला. अरुंद रुळांचा डबा कितीहि चांगला असला, तरी तो रुंद रुळांवर चालत नाहीं. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पट्ट्यांचेंहि तसेंच आहे. त्यांचा विद्युद्दाब अनुक्रमें सामान्यतः १.५, १.२ व १.१ व्होल्ट असतो, आणि प्रत्येकीची खांच निराळ्या जागीं असते. पट्टी बसत नसेल, तर जोर करूं नये. ती खांच म्हणजे सूचनाच होय.

जात एक असली म्हणजे आकार भिन्न असून चालतात. ४ जीबीच्या जुन्या पट्टीशेजारीं ८ जीबीची नवी बसविली, तर बहुतेक संगणकांत १२ जीबी मिळतात. दोन्ही पट्ट्या निरनिराळ्या वाहिन्यांवर असल्या, तर अनेक यंत्रें दोहोंतील चार-चार जीबींची जोडी जुळवितात आणि उरलेले ४ जीबी एकेरी वाहिनीनें चालवितात. गतीचें मात्र बैलजोडीसारखें आहे : एक बैल संथ असला, तर दुसऱ्यालाहि त्याच चालीनें जावें लागतें. तरीहि जागा अपुरी पडून डिस्ककडे धांवण्यापेक्षां ही थोडी मंद चाल कितीतरी बरी.

खरेदीपूर्वीं दोन मर्यादा पाहाव्या. मदरबोर्ड किती रॅम घेतो, हें त्याच्या पुस्तिकेंत असतें. आणि घरगुती विंडोज ३२ बिटांची असेल, तर तिला ४ जीबींपलीकडे पाहतां येत नाहीं.

पट्टी बसवितांना वीज तोडावी, आणि मराठवाड्याच्या कोरड्या हवेंत अंगावर स्थिर वीज सांचत असल्यानें आधीं पेटीच्या धातूला स्पर्श करावा. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या लागेपर्यंत पट्टी सरळ दाबावी. त्यानंतर विंडोजमधील स्मृति-चांचणी अवश्य चालवावी. सदोष रॅम पुष्कळदां यंत्र बंद पाडीत नाहीं. ती हिशेबांतला एखादा आंकडा मुकाट्यानें बिघडविते, आणि तो बिघाड वर्षअखेरीस उमगतो. चांचणींत चूक दिसल्यास एकेक पट्टी वेगळी लावून दोषी कोणती तें ठरवावें.

सारख्या पट्ट्यांची जोडी घेणें उत्तम, यांत शंका नाहीं. परंतु ऐपत एकीपुरतीच असेल आणि जुनी निर्दोष असेल, तर केवळ आकार जुळत नाहीं म्हणून तिला अडगळींत टाकणें हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.