पावसाचा ताप की वेल्डिंगचा?

  

गणपती जवळ आले की हिंदमातापासून लालबागपर्यंत ठिकठिकाणी वेल्डिंगच्या ठिणग्या दिसायला लागतात. मंडपाचे सांगाडे, कमानी, मोठ्या मूर्तींच्या ट्रॉल्या. ठिणगीकडे बघू नकोस, डोळे जातील, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. धुराबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आर्क वेल्डिंगमध्ये रॉड आणि लोखंड यांच्यात आर्क पेटते. तापमान हजारो अंशांवर जातं. धातूची चक्क वाफ होते आणि ती हवेत थंड होऊन बारीक कण बनतात. धूर दिसतो तो हाच. यातले बरेच कण एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात. ते रुमालाला जुमानत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात. स्टेनलेस स्टील असेल तर त्यात घातक क्रोमियमही येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे त्याने माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे.

मग कमी धुराचं वेल्डिंग असतं का? असतं. स्पॉट वेल्डिंग. दोन पातळ पत्रे एकावर एक ठेवायचे, वरून-खालून तांब्याच्या दोन टोकांनी घट्ट दाबायचे आणि करंट सोडायचा. व्होल्टेज अगदी कमी, पण करंट ८-१० हजार अँपिअर, तोही सेकंदाच्या एखाद्या हिश्शापुरता. विजेला सर्वात जास्त अडथळा होतो तो दोन पत्रे एकमेकांना टेकतात तिथे. म्हणून उष्णताही तिथेच जास्त. आतल्या आत धातू वितळतो, थिजतो, आणि टिकली एवढा सांधा तयार! गाडीच्या बॉडीत असे हजारो सांधे असतात. वितळणं आत होतं, त्यामुळे धूर कमी. पण पत्र्यावर तेल, रंग किंवा जस्त असेल तर इथेही धूर होतोच.

मंडपाचे जाड अँगल आणि पाइप असे जोडता येत नाहीत. तिथे आर्कच लागते. आणि पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, असेल तर आणखी एक भानगड. जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत उतरतो. कारागीर म्हणतो, "पावसात भिजलो." हिंदमाताला पाणी तुंबलेलं असताना ते खरंही वाटतं.

उलटही होऊ शकतं. वेल्डिंगचा ताप समजून घरी बसलो आणि निघाला लेप्टो किंवा मलेरिया, तर? म्हणून केईएमला जा नाहीतर गल्लीतल्या डॉक्टरकडे, दोन्ही गोष्टी सांगा: काल जीआयवर वेल्डिंग केलं, आणि तुंबलेल्या पाण्यातून चाललो.

गूळ खाऊन, दूध पिऊन फुप्फुसातला धूर निघत नाही. काम मोकळ्या हवेत करा, वेल्डिंगच्या जागेवरचा जस्त आणि रंग आधी काढा, धुराच्या वर तोंड नेऊ नका, काचेच्या आत एन-९५ मास्क लावा.

तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर हा एपिसोड टाका. मंडप बांधणाऱ्या दादांपर्यंत पोचला पाहिजे. भेटूया पुढच्या भागात!