तोंडी ‘नाही’ आणि लेखी ‘नाही’

आजचा एपिसोड जरा सरकारी वासाचा आहे. आवक क्रमांक, पोच, जीआर, अपील असे शब्द येणार. कंटाळा आला तर स्पीड दीडपट करा, पण ऐका.

माझ्या वयाची बरीच पोरं मला एकच गोष्ट विचारतात. ‘दादा, लोकांसाठी काहीतरी करायचंय, पण आपल्या राजुऱ्यात एनजीओ कुठे आहे? पुण्या-मुंबईत असतं तसं इथे काय आहे?’ मी बीटेक केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली, आता घरूनच काम करतो. पुण्यात काय असतं ते थोडंफार बघितलंय. पण आपल्यासारख्या नगर परिषदेच्या गावात सुरुवात संस्थेपासून करावी, असं मला वाटत नाही. सुरुवात एका कागदापासून करायची. कोणता कागद, ते सांगतो.

आमच्या गल्लीत एक आजोबा राहतात. वय अडुसष्ट. तरुणपणी आसिफाबादकडून कामाला आले आणि इथलेच झाले. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही. आसिफाबाद रोडवर त्यांची उकडलेल्या शेंगांची गाडी होती. गुडघे गेले, गाडी बंद झाली. आजी वारल्या, मुलगी तेलंगणात दिलेली. एकटेच असतात.

आता ६५ वर्षांवरच्या निराधार माणसाला आपल्या राज्यात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये. अट काय? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य. आजोबा दोन्हीत बसतात. तरी चार चकरा झाल्या आणि चारही वेळा खिडकीवरून एकच उत्तर, ‘तुमचं बसत नाही, तुम्ही तिकडचे.’ ऑफिस कोणतं ते मी सांगणार नाही, कारण हे उत्तर कुठल्याही खिडकीवर मिळू शकतं. आजोबांना फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून प्रत्येक वेळी सोबत कोणीतरी हवं, ऑटोचे पैसे हवेत. पाचव्यांदा जायला ते तयारच नव्हते. मला म्हणाले, ‘जाऊ दे न बाबू, साहेब नाही म्हणते तं नाही.’

‘तिकडचे’ या शब्दावर मला हसू येतं, खरं सांगतो. कारण राजुरा स्वतःच ‘तिकडचं’ आहे. आपला तालुका निजामाच्या हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादपासून तुटून नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात आला. आजोबा राजुऱ्यात यायच्या कितीतरी आधी राजुराच इकडे आलं होतं. असो.

तर मी आजोबांना विचारलं, ‘नाही म्हणाले, पण लिहून काय दिलं?’ काहीच नाही. अर्ज तरी घेतला का? तोही नाही. हातात धरून वर-खाली बघितला आणि परत दिला.

सगळी गोम इथे आहे. कागदोपत्री आजोबांनी कधी अर्जच केला नव्हता. त्यांना कोणी नाकारलंही नव्हतं. सिस्टीमच्या दृष्टीने त्या चार चकरा झाल्याच नाहीत. माझ्या कामात कस्टमर फोनवर ओरडला आणि तिकीट बनलं नाही, तर तो बग आमच्यासाठी अस्तित्वातच नसतो. तसंच हे. तोंडी ‘नाही’वर अपील करता येत नाही. लेखी ‘नाही’वर करता येतं. म्हणून कोणाला मदत करायला निघालात तर पहिलं काम म्हणजे अर्ज दोन प्रतींत न्यायचा, एक त्यांना द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. यालाच पोच म्हणतात. खिडकीवर घेत नसतील तर ऑफिसच्या आवक-जावक टेबलावर द्या. तिथेही नको म्हणाले तर पोस्टात जा आणि रजिस्टर करून पाठवा. पोस्टाची पावती ही पण पोचच.

आम्ही तेच केलं. भांडण नाही, व्हिडिओ नाही. (कृपया खिडकीवर मोबाईल काढून शूटिंग सुरू करू नका. लाइक तुम्हाला मिळतात, पुढच्या वेळी खिडकीवर उभं आजोबांना राहायचं असतं.) अर्ज टपालाने गेला. काही आठवड्यांनी पत्र आलं की १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा नाही, त्रुटी पूर्ण करा. वाचून मला आनंद झाला. ‘तुम्ही तिकडचे’ याला उत्तर नसतं. ‘रहिवासाचा पुरावा नाही’ याला असतं. मुलगी इथल्याच शाळेत शिकलेली, तिच्या शाळेचा दाखला काढला. जुन्या मतदार यादीत आजोबांचं आणि आजींचं नाव सापडलं. त्यावरून अधिवासाचा दाखला काढला आणि अर्जाला जोडला.

हा दाखला काढताना एक कायदा कामाला येतो, जो आपल्यापैकी फार कमी लोकांना माहीत असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जन्म-मृत्यूचे दाखले अशा कितीतरी सेवा त्यात अधिसूचित आहेत. प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आहेत आणि ती यादी ऑफिसात दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. अर्जाची पोच द्यावी लागते, नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. मग ३० दिवसांत पहिलं अपील, तेही त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. नंतर दुसरं, आणि शेवटी आयोग. सबळ कारणाशिवाय सेवा अडवली तर ५०० ते ५,००० रुपये दंड. रक्कम मोठी नाही. पण अर्जात ‘लोकसेवा हक्क अधिनियमानुसार’ एवढे तीन शब्द आले की फाईल हलण्याची शक्यता वाढते, हा माझा अनुभव.

आता जिथे मुदत उलटून गेली आणि काहीच कळत नाही, तिथे माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात हा कायदा २००२ ला आला, देशात २००५ ला. आपल्या राज्यात अर्जासाठी दोन मर्यादा आहेत, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही. लोक काय करतात, तर त्यात भाषण लिहितात. ‘गरिबांवर अन्याय का होतो?’ असल्या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर नसतं. प्रश्न असा हवा: अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याने काय कार्यवाही केली, त्या नोंदींच्या प्रती द्याव्यात. बस. उत्तराला ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. आणि बघा, या प्रश्नातही आवक क्रमांक लागतोच. पोच नसेल तर विचारणार काय?

नियम शोधायचा तर यूट्यूबवर नाही, थेट जीआर वाचा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर सगळे शासन निर्णय मोफत आहेत, मराठीत आहेत. प्रत्येकाला १८ अंकी संकेतांक असतो आणि त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नवीन जीआर आला’ म्हणून काही फिरत असेल तर आधी तो संकेतांक बघा. निम्मा कचरा तिथेच गळतो. आजोबांच्या योजनेसाठी सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग निवडायचा.

जीआर वाचायला लागलं की आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला खटकते. श्रावणबाळसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,०००. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. शहरात रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी मर्यादा ५९,०००. आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत अडीच लाख. रक्कम तिथेही १५०० रुपयेच. त्या बायांना मिळू नये असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण महिन्याला दोन हजार कमावणारा अडुसष्ट वर्षांचा माणूस निराधार नाही, हे कोणत्या हिशोबाने? ही मर्यादा बदला अशी मागणी एकट्या अर्जातून होत नाही. त्याला माणसं लागतात.

आणि शहरात माणसं जमवणं गावापेक्षा अवघड आहे. खेड्यात ग्रामसभा असते, निदान तिथे उठून विचारता येतं. नगर परिषदेच्या गावात सगळ्यांनी बसायची तशी सभाच नाही. रेशनचंही बघा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातली ७६.३२ टक्के लोकसंख्या धरली आहे, शहरी भागातली ४५.३४ टक्के. खदानीत आणि सिमेंटच्या फॅक्टरीत ठेकेदाराकडे काम करणारा मजूर राजुरा शहरात खोली करून राहिला तर शहरी, बाजूच्या खेड्यात राहिला तर ग्रामीण. मजुरी तीच.

म्हणून आजोबांचं काम चालू असताना आम्ही ज्यांच्याशी बोलायला लागलो ते त्यांचे जुने सोबती, हातगाडीवाले. त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. हे मी एका चहावाल्या मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘असं लिवून हाये? मंग आमाले कोनी सांगतलं काऊन नाही?’ त्यांचा प्रश्न बरोबर आहे.

पुण्यात १९९३ साली कागद-काच वेचणाऱ्या बायांची पंचायत उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिने सुरुवातीला जे मिळवलं त्यात एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे महापालिकेची मान्यता असलेलं ओळखपत्र. पगार नाही, घर नाही, एक कार्ड. पण त्या कार्डाने पोलिसाला आणि सोसायटीच्या वॉचमनला उत्तर देता यायला लागलं. पुढे २००८ मध्ये याच बायांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करायचा करार महापालिकेशी केला. मधे पंधरा वर्षं गेली, हे लक्षात ठेवा. रीलच्या वेगाने यातलं काही होत नाही.

वकील लागला तर? प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, आपल्याकडेही. १९८७ च्या कायद्यानुसार बाया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. देशभरचा नंबर १५१००. रेशनची तक्रार असेल तर १९६७. हे दोन नंबर आत्ताच सेव्ह करा, मी थांबतो.

झाले? बरं.

आता थोडं तुमच्यासाठी, म्हणजे मदत करायला निघालेल्या पोरांसाठी. चहासुद्धा घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण पैसे एक रुपयाही नको. आपल्याकडे दाखला काढून देणाऱ्या मधल्या माणसांची कमी नाही, त्यात तुमची भर नको. दुसरं, आधार कार्डाचे फोटो आपल्या मोबाईलमध्ये ठेवू नका. काम झालं की त्यांच्यासमोर डिलीट करा, ओटीपी त्यांनाच टाकू द्या. हे मी इंजिनिअर म्हणून सांगतोय. तुमचा फोन हरवला तर वीस गरीब माणसांची कागदपत्रं हरवतात. आणि अर्ज शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहा, त्यांनाच वाचून दाखवा. आजोबांच्या अर्जात मी ‘उदरनिर्वाहाचे साधन नाही’ लिहिलं होतं, त्यांनी ते खोडायला लावून ‘गाडी बंद आहे, गुडघे चालत नाही’ असं लिहायला सांगितलं. तसंच गेलं.

आजोबांचं मंजूर झालं. पहिला हप्ता आला तेव्हा पोस्टाची पहिली पावती टाकून बघून सहा महिने झाले होते. त्याआधीच्या चार चकरांचे महिने गेलेच, त्याचे पैसे मिळत नाहीत, कारण तेव्हाचा अर्ज कागदावर नाही.

हातगाडीवाल्यांपैकी अकरा जणांनी मिळून गेल्या आठवड्यात एक माहिती अर्ज टाकलाय. शहराचं पथविक्रेता सर्वेक्षण शेवटचं कधी झालं आणि समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी कोण, एवढाच प्रश्न, १५० शब्दांच्या बराच आत. सही चहावाल्या मावशींची आहे. पोच त्यांनी गाडीच्या गल्ल्यात ठेवलीय, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. उत्तर आलं की पुढच्या एपिसोडला त्यांनाच बोलवतो.