ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येणार?



मुलांचं वय आणि इंटरनेटचा कायदा, हा विषय मला दिलाय. मी वकील नाही. सेतू केंद्रात लोकांचे फॉर्म भरून देते. त्यामुळे वयाचं नाव काढलं की मला १ जून आठवतो. कुणाकुणाच्या अब्बांचा वाढदिवस १ जूनला असतो? बघा किती हात वर आले! शाळा जूनमध्ये भरायची, मास्तरांनी अंदाजे सहा वर्षं मोजली आणि टाकली तारीख. निम्मा मराठवाडा एकाच दिवशी जन्मलाय.

आता कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३, कलम ९. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर कंपनीला आई-वडिलांची, पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीचा भाग अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होईल. संमती देणारा माणूस प्रौढ आहे का, हे कंपनीने तिच्याकडच्या माहितीवरून किंवा डिजिलॉकरसारख्या सोयीतून तपासायचं.

याच कलमात मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. हा भाग मला मनापासून पटतो, कारण इथं जबाबदारी कंपनीवर आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्या मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद केली. तिथंही दंड कंपनीला होतो, मुलाला किंवा आईबापाला नाही.

संमतीची किल्ली मात्र आपल्याकडे घरात दिलीय. आणि आपली घरं तुम्हाला माहीत आहेत. आईबाप ऊसतोडीला, पोरगी दादीजवळ, दादीकडे बटणांचा फोन. मग संमती कोण देणार? भाईजान. तो प्रौढ आहेच. तो बाप आहे की भाऊ, हे पक्कं ओळखायची सोय मला नियमात दिसली नाही. म्हणजे धाकट्या भावाचं खातं दोन मिनिटांत सुरू होणार आणि बहिणीला ऐकावं लागणार, ‘तुझे क्या करना है मोबाइल?’ ती नीटची तयारी करत असली तरी.

कडू वाटेल, पण बोलते. निकाहाच्या वेळी पोरीचं वय वाढवून सांगणारे आणि मोबाइल मागितला की ‘अजून लहान आहे’ म्हणणारे बाप मी एकाच टेबलावर पाहिलेत. फक्त आपल्यातच नाहीत, साऱ्या जिल्ह्यात आहेत. सतरा वर्षांच्या मुलीला आणि सात वर्षांच्या पोराला एकाच मापाने मोजणारी अठराची अट मला म्हणूनच चुकीची वाटते.

धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो ‘लिलावाला’ लावले होते. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने पकडलेले आरोपी विशीच्या आसपासचे होते. कायद्याने सज्ञान! वय तपासून ते थांबले नसते. ज्यांचे फोटो लावले त्या बायांनी बोभाटा केला, तक्रारी दिल्या, म्हणून ते थांबलं. पोरीच्या हातातून मोबाइल काढून घेतला तर ती तक्रार तरी कशावरून करणार?

आता कामाचं. कायद्यात ‘पालक’ म्हटलंय, नुसता बाप नव्हे. अम्मीची संमतीही तेवढीच चालते. अडचण ही की माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायांच्या आधारला नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर जोडलेला असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो. काहींच्या आधारला नंबरच नाही. तेव्हा अम्मीच्या नावावर सिम घ्या आणि तिला घेऊन आधार केंद्रावर जा. नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत, थोडी फी लागते आणि तिचा अंगठा. तुम्ही एकटे जाऊन चालणार नाही, तिला स्वतःला यावं लागतं. सकाळी लवकर निघा, रांग मोठी असते.