पाण्याचा कांठ

मराठींत ‘पाणथळ’ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाहीं. नांगर न चालणारी, घराच्या पायाला न मानवणारी आणि डासांना आश्रय देणारी जमीन, असाच त्याचा रूढ अर्थ. ती भर घालून कामाला लावली तर कोणाचें कांहीं गेलें, असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु पाण्याचा संसार चालतो तो याच जमिनीच्या आधारानें. कृष्णेच्या खोऱ्यांत साताऱ्याच्या डोंगरापासून सांगलीच्या घाटापर्यंत उतरत गेलें, म्हणजे याची प्रचीति तीन ठिकाणीं येते.

पहिलें ठिकाण कासचें. सातारा शहराच्या पश्चिमेस, समुद्रसपाटीपासून सुमारें 1200 मीटर उंचीवर हें पठार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें तलाव बांधण्यांत आला आणि केवळ उताराच्या जोरावर त्याचें पाणी साताऱ्यास पोहोंचूं लागलें. शहराची तहान वाढल्यामुळें अलीकडे त्याचा बांध उंच करण्यांत आला आहे. पठाराचा खडक जांभ्याचा. त्यावर मातीचा थर कोठें वीतभर, तर कोठें बोटभर. पावसाळ्यांत तेथें जागोजाग उथळ डबकीं सांचतात. सततच्या पावसानें मातींतील नत्र धुऊन जातें. म्हणून दवबिंदु ही वनस्पति चिकट पानांवर किडे पकडते, तर सीतेचीं आसवें म्हणून ओळखली जाणारी वनस्पति जमिनींतील आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव ओढून घेते. जेथें अन्न कमी तेथेंच इतकी विविधता फुलावी, हें नवल त्या पातळ ओल्या मातीचें आहे. 2012 सालीं पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यांत कासचाही समावेश झाला. तेव्हांपासून फुलें पाहण्यास येणाऱ्यांची गर्दी फार वाढली. पायांखालीं आणि चाकांखालीं एकदां दबलेली ती बोटभर माती पुन्हां घडण्यास किती काळ लागेल, याचा विचार मात्र त्या प्रमाणांत वाढला नाहीं. तलावाचा सांठा बांधानें वाढवितां येतो. भोंवतालचें पठार बांधून काढतां येत नाहीं.

कासचें पाणी उरमोडीच्या वाटेनें कृष्णेस मिळतें. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस, खटाव तालुक्यांत, मात्र ढग रिकामे होऊनच येतात. तेथें येरळेच्या खोऱ्यांत मायणी व येरळवाडी येथें शेतीसाठीं तलाव बांधण्यांत आले, आणि माणसानें बांधलेल्या या पाण्यावर हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरूं लागले. उंच पायांवर उभा राहून, डोकें उलटें पाण्यांत घालून, चोंचीच्या गाळणींतून चिखलपाणी गाळीत हा पक्षी आपलें अन्न वेंचतो. त्याला तुडुंब तलाव नको असतो. गुडघाभर पाण्याचा आणि मऊ गाळाचा कांठ हवा असतो. तलाव अगदीं कोरडा पडला तर शेतकरी आणि रोहित या दोघांनाही दुसरा मुलूख शोधावा लागतो. 2021 सालीं हा परिसर पक्षिसंवर्धनासाठीं राखीव म्हणून जाहीर झाला, हें योग्यच झालें.

येरळा पुढें सांगली जिल्ह्यांत ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. कोयना त्याआधींच कऱ्हाडास येऊन मिळालेली असते, आणि सांगलीच्या पायथ्याशीं हरिपुरास वारणा येते. इतक्या नद्यांचें पाणी जेथें एकत्र होतें, तेथें पुरास पसरावयास जागा हवीच. सांगलीकर ही जागा फुटांत मोजतात. 1929 सालच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 45 फुटांवर गेलें कीं धोक्याची पातळी ओलांडली, हें तेथील लहान मुलासही ठाऊक असतें. 2005 सालीं पाणी 53 फुटांच्या वर गेलें, 2019 सालीं 57 फुटांवर पोहोंचलें, आणि 2021 सालीं पुन्हां 54 फुटांच्या घरांत आलें. अतिवृष्टि, धरणांतून सुटणारें पाणी, संगमांवरील तुंबारा अशीं याचीं कारणें अनेक. अलमट्टीच्या फुगवट्याचा वाद तर चालूच आहे. पण पूर्वीं पुराचें पाणी ज्या सखल शेतांत आणि ओढ्यांच्या मुखांशीं चार दिवस विसांवत असे, तेथें आतां घरें आहेत, एवढें तरी निर्विवाद. पाण्यानें आपली जागा सोडलेली नाहीं. माणूस तिच्यांत राहावयास गेला.

कायद्याची स्थिति मोठी विलक्षण आहे. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं 2017 सालीं केंद्र सरकारनें जे नियम केले, त्यांतून नदीचें पात्र आणि पिण्यासाठीं वा शेतीसाठीं मुद्दाम बांधलेलीं जलाशयें वगळण्यांत आलीं. म्हणजे कास, मायणी आणि कृष्णा, तिन्ही त्या व्याख्येच्या बाहेर! पहिल्या दोहोंस अन्य मार्गांनीं थोडेंबहुत संरक्षण लाभलें. सांगलीच्या सखल भागास आधार उरतो तो नकाशावरील दोन पूररेषांचा: सरासरीनें 25 वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आंत बांधकाम निषिद्ध, आणि दोहोंच्या मध्यें तें नियंत्रित असावें, असा दंडक आहे.

घरासाठीं जागा घेतांना सुशिक्षित कुटुंबें रस्ता, शाळा, बाजार यांची कसून चौकशी करतात. पूर्वीं तेथें पाणी कोठपर्यंत उभें राहत असे, ही चौकशी क्वचितच होते. वास्तविक गांवांतील वृद्धांस तें तोंडपाठ असतें, आणि पाटबंधारे खात्याच्या नकाशावर तें रेखलेलेंही असतें. कासच्या मातीवर पाऊल न टाकणें, मायणीच्या गाळाला निरुपयोगी न म्हणणें आणि सांगलीच्या निळ्या रेषेच्या आंतील जागा स्वस्त मिळाली तरी ती नाकारणें, या तिन्ही गोष्टी एकाच शहाणपणाच्या आहेत. कांठ हा पाण्याचाच भाग आहे. तो पाण्याकडे राहूं दिला, तरच पाणी उंबऱ्याबाहेर राहील.