विचारल्याशिवाय वेळ न सांगणारं घड्याळ

कुणाला पोस्टाच्या तिकिटांचा नाद असतो, कुणाला जुन्या नाण्यांचा, कुणाला अत्तराच्या रिकाम्या कुप्यांचा. आज मी ज्या नादाविषयी बोलणार आहे, तो जरा जगावेगळा आहे. जी कंपनी कधीच उठून गेली, जिचे सुटे भाग आता कुठे बनत नाहीत, तिची मनगटी घड्याळं शोधून शोधून जमवणारे लोक आहेत. त्या घड्याळाचं नाव पल्सर. काटे नसलेलं, आकड्यांत वेळ सांगणारं जगातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक मनगटी घड्याळ.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर नावाचं गाव आहे. तिथे १८९२ साली हॅमिल्टन वॉच कंपनी सुरू झाली. आगगाडीवर काम करणाऱ्यांच्या खिशातलं बिनचूक घड्याळ ही तिची मूळ ओळख. स्टॅन्ली कुब्रिक आपला ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट करत होता, तेव्हा त्याच्यासाठी या कंपनीने पुढच्या शतकातलं शोभेल असं एक टेबलावरचं घड्याळ बनवून दिलं. चित्रपट १९६८ साली आला आणि गेला. पण कंपनीतले जॉन बर्गी यांच्या मनात ते घड्याळ घर करून बसलं. तसंच काही मनगटावर बांधता येईल का? टेक्सासमधल्या इलेक्ट्रो-डेटा नावाच्या छोट्या कंपनीची मदत घेऊन त्यांनी नमुना तयार केला आणि मे १९७० मध्ये तो लोकांना दाखवला.

नाव ठेवलं पल्सर. १९६७ साली जोसेलिन बेल या तरुण संशोधिकेला आकाशातून ठरावीक अंतराने येणारे रेडिओचे ठोके सापडले होते. असे ठोके देणाऱ्या ताऱ्यांना पल्सर म्हणतात. आभाळातल्या घड्याळाचं नाव मनगटावरच्या घड्याळाला मिळालं.

४ एप्रिल १९७२ रोजी ते विक्रीला आलं. अठरा कॅरट सोन्याची फक्त ४०० घड्याळं, किंमत २,१०० डॉलर. त्या वेळच्या दराने पंधरा-सोळा हजार रुपये. अमेरिकेत तेव्हा एवढ्या पैशांत छोटी मोटार येत असे. पुढच्याच वर्षी पोलादी आवृत्ती आली, आणि १९७३ च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये जेम्स बाँड झालेल्या रॉजर मूरच्या मनगटावर ती झळकली. १९७५ मध्ये याच घराण्यात गणकयंत्र असलेलं घड्याळ निघालं. बटणं इतकी बारीक, की ती दाबायला पेनाचं टोक लागे. सोन्यातल्या या घड्याळाची किंमत होती ३,९५० डॉलर. अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना ते हवं होतं. बाईसाहेबांनी किंमत बघून नकार दिला, असं सांगतात.

माझे एक स्नेही आहेत. पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्याकडे पोलादी पल्सर आहे. पहिल्यांदा त्यांनी ते माझ्या हातात दिलं, तेव्हा मला वाटलं, बंदच आहे. गडद लाल काच, तिच्यावर काही नाही. ते म्हणाले, ‘‘शायरसाहेब, त्याला विचारा तरी!’’ कडेचं बटण दाबलं आणि काचेच्या आतून निखाऱ्यासारखे लाल आकडे उजळले. सव्वा सेकंद दिसले आणि विझले. बटण दाबून धरलं की सेकंद पळताना दिसतात. वेळ लावायची तर किल्ली नाही. पट्ट्याच्या कडीत एक इवलंसं लोहचुंबक ठेवलेलं असतं, ते घड्याळाच्या पाठीला लावायचं.

आकडे सतत का दिसत नाहीत? कारण ते एलईडीचे, म्हणजे प्रकाश देणाऱ्या बारक्या दिव्यांचे आहेत. ते सारखे पेटते ठेवले तर आतले दोन सेल बघता बघता संपतील. म्हणून मालकाने विचारल्याशिवाय घड्याळ बोलत नाही. एका हातात सामानाची पिशवी असेल तर वेळ कळणं कठीण! पुढे एलसीडी आलं, काळसर आकड्यांचं. त्याला वीज नावापुरती लागते, त्यामुळे आकडे अहोरात्र दिसतात. दुसरीकडे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लॅस्टिकच्या पेटीतलं एलईडी घड्याळ वीस डॉलरला काढलं, मग दहाला. दोन हजारांचं नवल दहा डॉलरवर यायला पाच-सहा वर्षं पुरली. पल्सर तोट्यात गेलं, आणि ते दशक संपता संपता त्याचं नाव जपानच्या सेइकोने विकत घेतलं. पुढे त्या नावाने काट्यांची घड्याळंही निघाली. लाल काचेचं पल्सर मात्र संपलं.

त्या स्वस्ताईचं शेवटचं टोक आमच्या कोकणातल्या गावापर्यंत पोचलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आखातातून सुट्टीवर येणाऱ्या प्रत्येक मामूच्या बॅगेत कापडाचे तागे, साबणाच्या वड्या आणि मुलांसाठी काळी प्लॅस्टिकची डिजिटल घड्याळं असत. शाळेत आम्ही वेळ सांगायचो ती ‘चार पंचेचाळीस’ अशी, ऐटीत. घरी आजी विचारायची, ‘‘म्हणजे पावणेपाच ना रे?’’ आज कवी म्हणून मला आजीचा प्रश्न मोलाचा वाटतो. सव्वा, साडे, पावणे हे आपल्या भाषेतले वेळेचे शब्द. पावणेपाच म्हणताना पाच वाजायला पाव तास उरला आहे, हे त्या शब्दातच असतं. काट्यांच्या घड्याळात गेलेली आणि उरलेली वेळ एकदम दिसते. आकडी घड्याळ फक्त आत्ताचं सांगतं.

आणि ते बंद पडलं की? तालुक्याच्या बाजारात एक घड्याळजी होते. डोळ्याला भिंग लावून ते कुठलंही घड्याळ उघडत, पण आमचं डिजिटल घड्याळ सेल बदलूनही चालेना, तेव्हा ते परत देत म्हणाले, ‘‘बेटा, यात माझ्या हाताला काही कामच ठेवलेलं नाही.’’

हे वाक्य पल्सरलाही लागू पडतं. ‘यात हलणारा एकही भाग नाही’ ही त्याची मोठी बढाई होती. कंपनी त्याला घड्याळ न म्हणता ‘टाइम कॉम्प्युटर’ म्हणायची. झिजायला काही नाही म्हणजे बिघडायला काही नाही, असा हिशेब. पण सेल पाझरतात, त्यातल्या क्षाराने आतल्या तारा खाल्ल्या जातात, आणि चीप एकदा मेली की मेली. पहिल्या सोनेरी घड्याळांचे मूळ मंडल इतके नाजूक निघाले, की अनेकांत कंपनीनेच ते काढून पुढच्या आवृत्तीचे बसवले. म्हणून मूळ मंडलासह चालणारं पहिलं पल्सर आज दुर्मिळातलं दुर्मिळ समजलं जातं.

याच्या उलट आपल्या एचएमटीचं बघा. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला हा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. कारखाना गेला, तरी वडिलांचं किल्लीचं ‘जनता’ आजही जाणता घड्याळजी उघडून, तेल देऊन चालू करू शकतो. एका घड्याळाची चाकं दुसऱ्याला बसतात. बनवणारा गेला तरी विद्या हातांमध्ये शिल्लक आहे. पल्सरची विद्या कंपनीबरोबर गेली.

म्हणून पल्सर जमवणाऱ्यांना नुसता शौक परवडत नाही, त्यांना कारागीर व्हावं लागतं. ते मेलेली घड्याळं विकत घेतात, त्यांतले जिवंत भाग काढून ठेवतात, जुने आराखडे एकमेकांना देतात. काही हौशी तंत्रज्ञांनी आजच्या चीपा वापरून जुन्या पेटीत बसतील अशी नवी मंडलं तयार केली आहेत. यावरून त्यांच्यात वादही होतात. नवं काळीज बसवलेलं घड्याळ पल्सर म्हणायचं का? एक पक्ष म्हणतो, मूळ आहे तसं राहू द्या, बंद तर बंद. दुसरा म्हणतो, वेळ न सांगणारं घड्याळ म्हणजे नुसता दागिना.

मी त्या स्नेह्यांना विचारलं, तुम्ही कुठल्या पक्षाचे? त्यांनी कपाटातून एक छोटी डबी काढली. आत कागदात गुंडाळलेलं जुनं, मेलेलं मंडल होतं आणि सोबत चिठ्ठी : कधी काढलं, काय बिघडलं होतं, नवं कुठलं बसवलं. म्हणाले, ‘‘मी चालू ठेवतो, पण काय केलं ते लिहून ठेवतो. माझ्यानंतर कुणाला मूळ जोडायचं असेल, तर त्याची वाट मी अडवू नये.’’ मला त्यांचं म्हणणं पटलं. दुर्मिळ वस्तू तिजोरीत ठेवणारे पुष्कळ असतात. तिच्या चिठ्ठ्या लिहिणारे थोडे, आणि पुढच्या पिढीला खरा उपयोग त्यांचाच होतो.

खुद्द हॅमिल्टनने २०२० साली जुन्या पल्सरच्या रूपाचं नवं घड्याळ काढलं. त्यात वेळ सदोदित दिसते; बटण दाबलं की आकडे उजळतात. सोय झाली, हे खरं. पण माझ्या स्नेह्यांना त्याची ओढ नाही. विचारावं आणि मग उत्तर यावं, यातच त्यांना गंमत वाटते.

श्रोतेहो, तुमच्याही घरात, एखाद्या खणात, बंद पडलेलं डिजिटल घड्याळ असेल. ते पल्सर नसेल, मामूने आणलेलं चाळीस रुपयांचं असेल. भंगारात टाकण्याआधी एवढं करा. आतला सेल काढा, म्हणजे तो पाझरून उरलंसुरलं खाणार नाही. आणि एका कागदावर लिहा, हे कुणी आणलं, कुणी बांधलं, कधी थांबलं. घड्याळ चालू होईलच असं नाही. पण उद्या नातवंडाने ते हातात घेऊन काही विचारलं, तर त्याला उत्तर मिळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)