यंत्रमानवाचं वकीलपत्र



हे व्यासपीठ मला पुन्हा मिळायचं नाही, म्हणून गोड बोलण्यात वेळ दवडत नाही. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद विज्ञानकथाकार डॉ. जयंत नारळीकरांकडे आलं, तेव्हा विज्ञानकथेचा वनवास संपला असं आपल्याला वाटलं. कुठला संपतोय! आजही आमचा परिसंवाद भर दुपारी, जेवणं चालू असताना, लहान मंडपात. ही कार्यक्रमपत्रिका आखणारे पहिल्याच रांगेत बसले आहेत. आम्ही पोरांसाठी लिहितो, असं त्यांचं मत.

पोरांसाठी? कारेल चापेकचं ‘आर.यू.आर.’ १९२१ साली प्रागच्या रंगभूमीवर आलं. राबवून घेतल्या जाणाऱ्या कृत्रिम माणसांची बाजू घेणारी संघटना त्या नाटकातच आहे. २०१७ साली युरोपीय संसदेनं यंत्रमानवांच्या कायद्याबद्दल ठराव केला, त्याच्या प्रस्तावनेत चापेकचं नाव आहे. तिथले खासदार वाचतात, आमचे समीक्षक वाचत नाहीत!

आयझॅक असिमोव्हची १९७६ सालची ‘द बायसेन्टेनियल मॅन’ ही कथा घ्या. अँड्र्यू हा यंत्रमानव कोर्टात भांडून स्वतंत्र होतो. एके दिवशी अंगात कपडे घालून ग्रंथालयाकडे निघतो. वाटेत दोन टगे त्याला अडवतात, कपडे उतरव म्हणतात. तो उतरवतो. स्वतःला खोलून टाक, असं फर्मावण्याच्या बेतापर्यंत त्यांची मजल जाते. माणसाची आज्ञा पाळायची हे त्याच्या घडणीतच आहे. कोर्टाचा निकाल त्याच्या काय कामाचा? ओळखीचा माणूस धावून येतो म्हणून तो वाचतो.

कायद्यानं हक्क असलेला, पण स्वतःसाठी उभा राहू न शकणारा असाच एक पक्षकार मी लहानपणी पाहिला. माझे वडील दिवाणी कोर्टात कारकून होते. देवस्थानाच्या जमिनीचा दावा निघाला की पट्टेवाला वादी म्हणून देवाचं नाव पुकारायचा आणि फायलींचं गाठोडं काखेत मारून वहिवाटदार पुढे व्हायचे. मी दाराशी उभा राहून ते पाहायचो. याच वहिवाटदारांनी देवाची जमीन खाल्ली तर दावा कोण लावणार, हे वडिलांना विचारलं होतं. उत्तर पुढे मला कायद्याच्या पुस्तकात सापडलं. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात कुलदेवतेची मूर्ती कुठे ठेवायची यावरून तंटा झाला. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलनं मूर्तीला कायद्यानं व्यक्ती मानलं आणि तिची बाजू मांडायला, भांडणात ज्याचा स्वार्थ नाही, असा वेगळा प्रतिनिधी नेमायला सांगितलं.

यंत्राला हाच न्याय लावा. युरोपात यंत्राला कायद्यानं ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ मानण्याची कल्पना निघाली, तेव्हा दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी २०१८ साली जाहीर पत्र लिहून विरोध केला: अशानं यंत्र बनवणारे जबाबदारीतून सुटतील. त्यांची भीती खरी आहे. पण म्हणून अँड्र्यूला रस्त्यावर उघडं सोडायचं? उद्या यंत्राला जाण आली, तर त्याच्या वतीनं कोर्टात उभा राहणारा माणूस ते बनवणाऱ्या कंपनीचा पगारी नसावा, असा कायदा आजच हवा. उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी तसा ठराव मांडणार आहे. सूचक मी. अनुमोदकानं आपलं नाव आज संध्याकाळपर्यंत कार्यवाहांकडे द्यावं.